गावितने गावितला खो दिला

"गावितने गावितला खो दिला," मी माइकमध्ये म्हणाले, "गावित उठली, तिने पुढच्या गावितला खो दिला, आणि गावितने…" इथे मी थांबले. शेजारी हेडफोन लावून बसलेले आमचे इंजिनीअर भामरे माझ्याकडे बघत होते. त्यांनी भुवया वर केल्या. कोणती गावित, असं विचारत होते. मला कुठे माहीत होतं? मी तोंडाने एक उपमा फेकली आणि पुढे गेले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर मी हंगामी निवेदिका होते. हंगामी म्हणजे बोलावलं की जायचं. आमचं केंद्र मिडियम वेव्हवर होतं. त्यात खरखर असायची, पण लहरी डोंगर ओलांडून लांब जायच्या. शहरात आम्हाला फारसं कुणी ऐकत नसे. सुरगाण्याच्या पाड्यांवर मात्र रविवारचा आमचा खेळाचा तास चुकवत नसत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपण शहरातल्या कॉलेज रोडसाठी बोलतो.

त्या रविवारी मुलींच्या खो-खोची फायनल होती, आणि ओबी होती. ओबी म्हणजे मैदानावरून थेट प्रक्षेपण. टेबल, माइक, भामऱ्यांचं यंत्र आणि तिथून केंद्रापर्यंत टेलिफोनची एक तार. नेहमीचे कॉमेंटेटर क्रिकेटचे. खो-खो म्हटल्यावर त्यांचा घसा बसला. म्हणून मी.

मी कडक इस्त्रीची साडी नेसले होते. रेडिओवर साडी दिसत नाही, हे मला घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. वहीत बारा उपमा लिहून नेल्या होत्या. विद्युल्लता, हरिणी, बाण, ससाणा वगैरे. बाराही पहिल्या तीन मिनिटांत संपल्या. मग मी हरिणी परत वापरली.

आडनावांचा नियम आमच्या देवधर सरांचा. ते कार्यक्रम अधिकारी. "कॉमेंट्रीत आडनाव घ्यायचं. पहिल्या नावाने हाक मारणं म्हणजे घरोबा," असं ते सांगायचे. क्रिकेटला ठीक होतं. पण सुरगाण्याचा हा संघ जवळपासच्या दोन-तीन पाड्यांतला. मैदानातल्या नऊ मुलींत पाच गावित होत्या.

खो-खो तुम्ही शाळेत खेळला असालच, तरी सांगते. पाठलाग करणाऱ्या आठ जणी ओळीत बसतात, एक पळते. तिने पाठीमागून खो दिला की बसलेली उठते आणि ती पळू लागते. क्षणाक्षणाला माणूस बदलतं. अशा खेळात सगळ्यांचं आडनाव एक असलं तर ऐकणाऱ्याला काय कळणार? पण नियम म्हणजे नियम, आणि मी फार शिस्तीची.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. सामन्याआधी एक काटकुळी मुलगी टेबलापाशी आली होती.

"मॅडम, माझं नाव येईल का रेडिओत?"

"खेळलीस तर येईल."

"बाप म्हणतो, नाव आलं तर पुढच्या वर्षी बी खेळ. नायतर बहिणीसंगं द्राक्षाच्या कामाला जायचं. घरी ऐकायला बसलेत. नवे सेल टाकलेत."

मी तिला म्हटलं, "आम्ही कुणाची शिफारस घेत नाही, बाळ." बाळ. तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी.

मध्यंतर झालं आणि टेबलावरचा फोन वाजला. देवधर सर.

"बाई, सुरगाण्याहून एका गुरुजींचा फोन आला होता. एसटीडी बूथवरून. तिथे दुकानात रेडिओपाशी चार बाप उभे आहेत. पाठलागात सगळ्यात जास्त गडी बाद करणारी गावित आपलीच, असं चौघंही म्हणतायत. आता भांडणावर आलंय."

"सर, पाच गावित आहेत."

"मग आद्याक्षर घ्या. एस. गावित, असं."

"सुमन, सरला, सविता. तिघी एस आहेत."

सर म्हणाले, "मला हे ऐकू आलेलं नाही," आणि फोन ठेवला. सरांची परवानगी देण्याची ही पद्धत होती.

मी साडी खोचली आणि मैदानात पळाले. भामरे मागून ओरडले, "बाई, सहा मिनिटं आहेत." मुली लिंबू चोखत बसल्या होत्या. मी वहीतलं उपमांचं पान फाडलं आणि मागच्या बाजूला लिहू लागले. नाव सांग, बापाचं नाव सांग, पाडा सांग, अंगावरचा नंबर दाखव. काटकुळीचा नंबर सात. सुमन काशिनाथ गावित. पहिल्या डावात तीन जणींना बाद करणारी तीच होती. तिन्ही वेळा मी तिला विद्युल्लता म्हटलं होतं.

"माझं नाव आलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अजून नाही. माझी चूक झाली." एवढं तरी खरं बोलले.

शेवटच्या पाठलागात बरोबरीसाठी सहा बाद हवे होते. मी पान समोर धरून सुरू केलं. सरला देवराम गावित, सविता पांडू गावित. एक नाव पूर्ण होईपर्यंत मैदानात तीन खो होऊन जायचे. मी खेळाच्या मागे धापा टाकत पळत होते. भामरे हसायचे थांबेनात. शेवटी मी बापांना सोडलं. नुसतं सुमन, सरला, सविता, सुमन. चार बाद झाले. सुमन खो देत होती, घेत होती, पण तिच्या हाताला कुणी लागत नव्हतं. तिने बाद केलं असं म्हणून टाकावंसं वाटत होतं, पण खोटं बोलायचं नाही, एवढा एक नियम मी अजून मोडला नव्हता.

अर्धं मिनिट उरलं होतं. शहराच्या संघातली एक उंच मुलगी खांबाला वळसा घालत होती. सुमनला खो मिळाला, ती दोन पावलं धावली आणि खांबाला धरून तिने आडवा सूर मारला. बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली.

मी खुर्चीवरून उठले. "सुमन काशिनाथ गावितने बाद केलं. सात नंबर, काशिनाथ गावितांची सुमन." पाड्याचं नावही घेतलं. मग सगळं पुन्हा एकदा सांगितलं, कारण मिडियम वेव्हची खरखर. तेवढ्यात शिट्टी झाली, आणि सामना एका गुणाने हरलो, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. ते केंद्रातून सरांनी सांगितलं.

पुढच्या वर्षी त्याच मैदानावर टेबल मांडत होतो. सात नंबर सराव करत होती. तिच्याबरोबर आलेली एक बाई सरळ माझ्याकडे आली.

"तुम्हीच का रेडिओतल्या?"

मी पदर सारखा केला. कौतुकाची तयारी.

"पोरीच्या बापाचं नाव दोनदा घेतलंत. तो आता गावभर सांगत फिरतो. सेल मी आणले होते, शेतातली नागली विकून."

मी वही काढली आणि तिला तिचं नाव विचारलं.

"मंजुळा," ती म्हणाली, आणि मी बरोबर लिहिते का ते वाकून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, हे सुमनने नंतर सांगितलं.

त्या दिवशी सुमन मंजुळा काशिनाथ गावित असं पूर्ण नाव प्रक्षेपित झालं. देवधर सरांना ते ऐकू आलं नाही.

पुढे एफएम आलं, खेळाचा तास दहा मिनिटांवर आला आणि मग तोही गेला. मीही घरी बसले. हे काम करणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की उपमा घरी ठेवाव्यात आणि सेल कोणी आणले ते आधी विचारून घ्यावं.