आइसलँडचा म्हातारा आणि मालतीकाकू

कॅनडातून वृद्धत्व या विषयात मास्टर्स करून मी नॉटिंगहॅमला, माझ्या जन्मगावी परतले आणि लगेच मराठी ज्येष्ठांच्या शुक्रवारच्या गटाला आइसलँडचा एक सिनेमा दाखवला. एकटा म्हातारा, त्याच्या मेंढ्या आणि त्याला शहरात न्यायला आलेली मुलगी. मला वाटलं होतं, सगळे गप्प होतील, डोळे पुसतील, मग मी चर्चेचे बारा प्रश्न वाटेन. त्या एका दुपारी किस्सेच एवढे जमले, की प्रश्नांचे कागद चिवड्याच्या डिशखाली गेले.

*

सबटायटल्स लांबून कुणालाच वाचता येईनात. जोशीकाका अगदी पडद्यापाशी बसून ती मोठ्याने मराठीत सांगू लागले. काका मूळचे साताऱ्याचे. पाचव्या मिनिटाला आइसलँडचा मेंढपाळ मुलीला म्हणाला, "आगं, म्या न्हाई यायचो."

*

म्हातारा दारात उभा राहून रडू लागला. आता तरी, असं मला वाटलं. तेवढ्यात पटवर्धनकाकू, रिटायर्ड फिजिओ, म्हणाल्या, "याचा उजवा गुडघा दुखतोय. काठी डाव्या हातात हवी."

पहिल्या रांगेतल्या तीन काठ्यांनी हात बदलले.

*

मुलगी सामान बांधायला लागली आणि हॉलमधले दिवे लागले.

"इंटर्व्हल," जोशीकाका म्हणाले.

"काका, या सिनेमाला इंटर्व्हल नाहीये."

"मग चहा कधी पितात हे लोक?"

*

चहाच्या वेळी मालतीकाकू एकट्याच बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी, घरात एकट्या. मुलगा निखिल त्यांना रविवारी कायमचं लंडनजवळ मेडनहेडला, आपल्या घरी नेणार होता. "आईला आता एकटं राहणं जमणार नाही," असं तो सगळ्यांना सांगत होता. काकूंना नॉटिंगहॅम सोडायचं नव्हतं, पण त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं.

मी शेजारी बसले. कोर्समध्ये शिकवलेल्या आवाजात विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतंय?"

"तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस, असं वाटतंय. राहतेस कुठे?"

"स्टेशनजवळ. एक खोली आहे."

"स्वयंपाक?"

"मायक्रोवेव्ह आहे."

काकूंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. निखिल म्हणाला, "आई, काय ठरवलंस? रविवारी दहाला येऊ ना?"

जोशीकाकांचा कप हातातच राहिला.

"नाही रे, मला नाही जमायचं," काकू म्हणाल्या. "इथे एक मुलगी आहे. तिला एकटं राहणं जमत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली सोडत असल्याचं घरमालकाला कळवलं.