रंग गेला, कार्बन राहिला

पेढे वाटायची घाई मला नडली. मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत मी पीएचडी करत होते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी विजेने स्वच्छ करायचं, असा विषय. धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेली प्लेट पाण्यात बुडवायची, करंट सोडायचा आणि रंगाचे रेणू मोडायचे. त्या दिवशी बीकरमधलं गर्द निळं पाणी डोळ्यांदेखत नितळ झालं. मी तडक ग्लेन वेव्हर्ली गाठलं, इंडियन दुकानातून पेढे आणले आणि अख्ख्या लॅबला वाटले.

माझ्या गाईडबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कार्बन मोजलास का?"

मोजला. जवळजवळ सगळा होता तिथंच होता. रंग गेला, पण रेणूंचे तुकडे पाण्यातच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! पुढच्याच आठवड्यात रिव्ह्यू होता. पॅनेलला काम पटलं नाही तर पीएचडी मास्टर्सवर आटोपावी लागेल, असं बाईंनी आधीच बजावलं होतं.

माझी प्लेट रुथेनियम ऑक्साइडची, ती काम अर्धवट सोडते. रेणू पुरता मोडायला टिन ऑक्साइड हवं. तो लेप पातळ द्यायचा, वाळवायचा, भट्टीत भाजायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मी घाईने जाड दिला. तडकला. चिडून पुन्हा दिला, पुन्हा तडकला.

शेजारच्या बाकावरच्या दिल्लीच्या सहकाऱ्याकडे टिन ऑक्साइडची एक चांगली प्लेट होती, त्याच्या स्वतःच्या प्रयोगासाठी जपलेली. हा लेप वापरला की झिजतो, म्हणून मागायला माझी जीभ रेटेना. शेवटी त्यानेच ती माझ्यापुढे ठेवली.

"ले जा यार. तेरा रिव्ह्यू है. मेरी दूसरी बन जाएगी."

कार्बन उतरला. पॅनेलने पुढे जाऊ दिलं. कार पार्कमध्ये जाऊन मी ढसाढसा रडले.

प्लेट परत द्यायला गेले, तेव्हा लेप जागोजागी उडाला होता, खालचा टायटॅनियमचा पत्रा दिसत होता. त्याची कित्येक दिवसांची मेहनत मी फस्त केली होती. त्याने प्लेट उलटसुलट करून पाहिली, "नो वरीज" म्हणाला आणि भट्टी चालू केली. त्याचे उपकार मी आजही विसरले नाही.

"तू घर जा ना, पार्टी कर," तो म्हणाला.

मी पर्स खाली ठेवली, हातमोजे चढवले आणि त्याच्या शेजारी उभी राहिले.