जवसाचं तेल प्यालेला ट्रक

भावाने भंगारवाल्याला शब्द दिला होता: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन ट्रक घेऊन जा. त्या जागी त्याला धानाच्या पोत्यांसाठी टिनाचं शेड हवं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. बाबांचे डोळे अधू झाले, त्यांनी गाडी सोडली, तेव्हापासून तो जुना पेट्रोल ट्रक एकोडीच्या आमच्या घरामागे वीस वर्षं नुसता उभा होता. बाबाही "ने बाप्पा" म्हणून मोकळे झाले. पण दुसऱ्या सकाळपासून ते चहाचा कप घेऊन त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसू लागले. मला ते बघवेना.

"इंजिन सुरू झालं तर विकायचा नाही," मी भावाला म्हटलं.

तो हसला. "करून दाखव, ताई. झालं सुरू, तं ट्रक तुमचा."

मी साकोलीच्या शाळेत गणित शिकवते. मला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं.

नागपूरहून दोन मिस्त्री आणले. पहिल्याने हातोड्याने ठोकून पाहिलं आणि सगळं गंजून एक झालंय म्हणाला. दुसऱ्याने इंजिनाकडे पाहिलंही नाही, हेडलाइट विकता का एवढंच विचारलं. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. शेवटी भंडाऱ्याला स्पेअर पार्टच्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठने सांगितलं, "नाकाडोंगरीले एक फिटर हाये. खाणीतल्या जुन्या गाड्या त्यानंच चालत्या ठेवल्या. पण रिटायर झाल्यापासून कोणाच्या गाडीले हात लावत नाही."

दोन बस बदलून मी नाकाडोंगरीला पोचले. फिटरकाका अंगणात वालाचा वेल बांधत होते. मी नमस्कार केला. "जय भीम" म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझं ऐकून घेतलं.

"मी आता इंजिन पाहत नाही, बाई. झाडं पाहतो."

मग माझा तोल गेला. म्हटलं, "काका, आम्ही काय त्याला वाऱ्यावर सोडला होता? दर दसऱ्याला पूजा झाली की मी स्वतः इंजिनाचे सहाही प्लग काढून एकेका भोकात पळीभर तेल टाकलंय. एक वर्ष चुकवलं नाही. तरी लोक म्हणतात गंजला!"

त्यांचे हात थांबले. "कोणतं तेल?"

"घरचंच. जवसाचं."

"अवो बाई!" ते मटकन बाजेवर बसले आणि पोट धरून हसले. "जवसाचं तेल वाळते. लाकडाच्या दाराले काहून लावते लोक? तुमचं इंजिन गंजलं नाही. तुम्ही त्याले चिकटवून ठेवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी 'तेल टाक' म्हटलं होतं, कोणतं ते मी कधी विचारलंच नाही.

"म्हणजे मीच मारला?"

"मारला का वाचवला, ते उघडल्यावर दिसंल," म्हणत त्यांनी चपला पायात घातल्या.

ते पत्र्याची पेटी घेऊन आले आणि आमच्या ओसरीवरच राहिले. रोज सहाही भोकांत रंगाचं थिनर ओतायचे आणि पहारीने इंजिन जरासं हलवून पाहायचे. मी शाळेतून आल्याबरोबर विचारायची, ते मान हलवायचे. भाऊ शेडची मापं घेऊन राहिला होता. चौथ्या दिवशी इंजिन बोटभर फिरलं. पाचव्या दिवशी पिस्टन बाहेर आले. फिटरकाकांनी आतला पिवळा, चामड्यासारखा थर नखाने सोलला आणि मला वाकायला लावलं. आतलं लोखंड लखलखत होतं.

"पाहा. गंजाचा एक ठिपका नाही. या थरानं हवाच लागू देली नाही."

मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ताक घुसळावं तसे दोन्ही तळहातांत काठी फिरवत ते व्हॉल्व्ह घासू लागले. पिस्टनच्या नव्या रिंगा त्यांनी कानशीने घासून घासून बसवल्या. बेअरिंगचा एकेक उंचवटा हाताने खरवडला. घाई म्हणून त्यांना ठाऊकच नव्हती. दसऱ्याला पूजा झाली, पण माझ्या हातात पळी कुणी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारलं. दोनदा नुसता धूर आला. तिसऱ्यांदा ट्रक खोकला, थरथरला आणि चालू झाला. सगळी आळी गोळा झाली. मी एवढ्या जोराने ओरडले की शाळेतल्या पोरांनी पाहिलं असतं तर माझा धाक संपला असता. बाबांना मधे बसवलं, मी खिडकीशी, स्टिअरिंगवर काका. फाटकाबाहेर निघालो तर समोरून भंगारवाल्याची गाडी. भावाने त्याला येऊ नको म्हणण्याची तसदीच घेतली नव्हती. आमची आळी एका गाडीपुरतीच. भाऊ खाली मान घालून धावला आणि हात हलवत त्याची गाडी मागे घ्यायला लावू लागला.

"थांबले काहून?" बाबांनी विचारलं. "कोण हाये समोर?"

"भंगारवाला, बाबा."

"मंग हॉर्न मार ना!"