शिंकेपुढे न टिकलेला मेनू

तो मेनू मी जळगावच्या ऑफिसात, एसीत बसून, तीन आठवडे खपून केला होता. दोंडाईच्याच्या एका मिरची कारखान्याचं काम ब्राउझरमधून चालावं म्हणून आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो, आणि त्यात कुठून कुठे जायचं हे ठरवणं माझ्याकडे होतं. माउस ‘गोदाम’वर नेला की यादी उघडायची, त्यातल्या ‘साठा’वर नेला की शेजारी दुसरी, तिच्यातून तिसरी. क्लिक करायची गरजच नाही! दिवसातून चारदा मी उगाच त्यावर माउस फिरवून बघायचे.

सॉफ्टवेअर सुरू झालं त्याच आठवड्यात कारखान्याचे मालक, नाना, यांचा फोन आला.

“तुमचा मेनू पळतो.”

“पळतो म्हणजे?”

“पळतो म्हणजे पळतो. येऊन पाहा.”

दुसऱ्या दिवशी मी पॅसेंजरने दोंडाईचा गाठलं. गोदाम सांभाळणाऱ्या अक्का नाकाला रुमाल बांधून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. भिंतीपलीकडे मिरची दळणं चालू होतं. अक्कांनी माउस दोन्ही हातांनी धरला. पहिली यादी उघडली. दुसरी उघडली. तिसरीतल्या ‘सुकी मिरची’पर्यंत जेमतेम पोचल्या आणि त्यांना शिंक आली. माउस वीतभर उडाला, तिन्ही याद्या गायब.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शिंक. चौथ्या वेळी, मागे कामगारांसोबत बघत उभे असलेले नाना दबक्या आवाजात म्हणाले, “कोणी हालू नका रे.” सगळे पुतळ्यासारखे उभे. अक्का अगदी काठावर पोचल्या, तेवढ्यात नानाच शिंकले. अक्का दचकल्या आणि मेनू गेला.

मला वाटलं, सवयीचा प्रश्न आहे. तसं बोललेही. “अक्का, हात हलका ठेवायचा. थांबा, मी दाखवते.”

“बस पोरी,” म्हणत अक्का उठल्या.

मी बसले. ‘गोदाम’, ‘साठा’... पुढचं मला दिसलंच नाही. मी एका दमात सात वेळा शिंकले. डोळे उघडले तेव्हा माउस टेबलाखाली लोंबकळत होता. अक्कांनी आपल्याजवळचा धुतलेला रुमाल पुढे केला आणि अगदी मायेने म्हणाल्या, “हात हलका ठेव.”

कारखाना दहा मिनिटं हसत होता.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. क्लिक केल्यावर उघडणारा आणि पुन्हा क्लिक केल्याशिवाय न मिटणारा साधा मेनू केला. अक्षरं मोठी. अक्का म्हणतील ती नावं: ‘माल आला’, ‘माल गेला’, ‘माल कुठे आहे’. उरलेलं सगळं ‘इतर’मध्ये टाकलं. संध्याकाळपर्यंत अक्का शिंकत शिंकत हवं ते पान उघडू लागल्या.

नाना मात्र ‘इतर’वर बोट ठेवून माझ्याकडे रागाने बघत होते. रागात ते अहिराणीवर आले. “यात काय शे?”

“लोणच्याचा मसाला, हळद...”

“हळद? मना बापनी हळदपासून धंदा सुरू केला. ती इतर शे का?”

मग ‘हळद’ हे वेगळं बटण झालं, तेही सगळ्यांत वर. रंग पिवळाच हवा, असा नानांचा आग्रह होता. जळगावला परतल्यावर आमच्या साहेबांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, “हे कुणी डिझाइन केलं?”

“नानांनी,” मी म्हटलं.