तुंब्यातली पेज

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी माझ्या बीटात दहा दिवसांत तीनदा आग लागली, आणि तिन्ही वेळा मोहाच्या झाडांखाली. मी तेव्हा पोंभुर्ण्याकडच्या जंगलात वनरक्षक होतो; बीट म्हणजे माझ्या ताब्यातला जंगलाचा तुकडा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पाचोळा पेटवतात, वारा लागला की ती आग पुढे सरकत जाते, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक असतं. पेटवलं कोणी, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

आगीवर लक्ष ठेवायला उन्हाळ्यापुरता एक माणूस माझ्यासोबत असे. जंगलाला लागून असलेल्या गावातला, पन्नाशी ओलांडलेला. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला साहेब. चार उन्हाळे आम्ही बरोबर हिंडलो होतो. तरी तिसऱ्या आगीनंतर माझ्या डोक्यात किडा शिरला. आग लागते तेव्हा आपण नेमके दुसऱ्या टोकाला कसे असतो? आणि त्या टोकाला आपल्याला नेतं कोण? वाट तर रोज तेच ठरवतात.

एकदा असं वाटू लागलं की सगळंच तसं दिसायला लागतं. ते वाटेत कुणाशी बोलले की मी कान द्यायचो. मी जवळ गेल्यावर बोलणं थांबलं, तर माझ्याबद्दलच चाललं होतं असं धरून चालायचो. बिडीसाठी त्यांच्या खिशात काडेपेटी असे. ती चार वर्षं होतीच, पण मला ती तेव्हा दिसली.

मग एके दिवशी सकाळी मी त्यांना न विचारता वाट बदलली. म्हटलं, आज जाळरेषेने थेट पलीकडच्या नाल्यापर्यंत जायचं. जाळरेषा म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा. ते म्हणाले, लांब पडेल, तिथल्या झऱ्यात पाणी असेल-नसेल. मला त्यातही काहीतरी दिसलं.

निघताना त्यांच्या खांद्याला नेहमीचा तुंबा होता, वाळवलेल्या भोपळ्याचा, तोंडाला पळसाच्या पानाचं बूच. माझ्याकडे प्लास्टिकच्या दोन बाटल्या होत्या. त्यातलं पाणी नऊ वाजताच चहासारखं व्हायचं, तुंब्यातलं मात्र गार राहायचं. त्या दिवशी त्यांनी बूच काढलं आणि मला आंबूस वास आला. जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी होती आणि मोहाची हातभट्टी जंगलातच लागायची. मी विचारलं, काय आहे यात.

"पेज आहे जी. रातची आहे, आंबली म्हणून वास येऊन राह्यला."

मी तुंबा त्यांच्या हातून घेतला. चव घेऊन पाहता आली असती. मी घेतली नाही. तुंबा उलटा केला. पांढरट पाणी पाचोळ्यावर पडलं, त्यात भाताची शितंही होती. मी ती पाहिली. मनात म्हटलं, दारू लपवायला वरून घातली असतील. भाऊ रिकामा तुंबा परत खांद्याला अडकवून चालू लागले.

उन्हाळ्यात सागाच्या जंगलात सावली नसते. पानं सगळी खाली, पायाखाली पापडासारखी मोडतात. ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. तिकडची माणसं अकरानंतर चालत नाहीत. मोह, आंबा, जांभूळ, जे हिरवं सापडेल त्याखाली बसतात, दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतात, पेज पितात आणि चारच्या सुमारास उठतात. हा आळस नव्हे, तिकडे काम असंच चालतं. एका मोहाखाली थांबून भाऊ म्हणाले, "अकरा वाजून गेले साहेब. आता बसू. चारले निघू."

मला वाटलं, हे मला अडकवून ठेवताहेत. तोवर पलीकडे यांची माणसं काडी लावणार.

"तुम्ही बसा," मी म्हणालो. "मी जातो."

मला एकट्याला ते कधीच सोडणार नाहीत, हे मला माहीत होतं. ते उठले.

माझ्या बाटलीतून मी त्यांना दोनदा पाणी दिलं. दोन-दोन घोट. ते बाटली तोंडाला न लावता वरून प्यायले आणि लगेच परत करत गेले. बाकी मीच पीत राहिलो. नाल्यावर पोचलो तेव्हा झऱ्याच्या खड्ड्यात नुसता चिखल होता, रानडुकरांनी उकरलेला. भाऊंनी त्यात हात घालून पाहिला आणि ओला हात कपाळाला लावला.

परत फिरल्यावर ते मागे पडायला लागले. आधी डोकं दुखतं म्हणाले. मग एका जागी थांबून उलटी केली. पोटातून काहीच निघालं नाही. थोड्या वेळाने ते वाट सोडून भलतीकडे चालू लागले. मी हाक मारली तर मला त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाने ओ दिली. बैल सोडले का म्हणून विचारलं. जीभ जड झाली होती, पाय लटपटत होते. आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. चोर सापडल्याचा आनंद.

"कुठी लपवली होती भाऊ?" मी म्हणालो. "दुसरा तुंबा आहे का झाडावर?"

ते हसले. काही समजलं म्हणून नव्हे. मग खाली बसले.

उठवायला मी त्यांचा दंड धरला, तो तव्यासारखा तापलेला होता आणि कोरडा. सदराही कोरडा. माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि या माणसाच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. दारू प्यायलेला माणूस उन्हात घामाने निथळतो, इतपत मी पाहिलेलं होतं. त्यांना शेवटची लघवी कधी झाली, हेही मला आठवेना. सकाळपासून माझं लक्ष फक्त त्यांच्या हातांवर होतं.

उरलेली अर्धी बाटली मी त्यांच्या डोक्यावर आणि छातीवर ओतली. पळसाखाली ओढत नेलं, पानांनी वारा घातला. फोनला रेंज नव्हती. त्यांना तिथे एकटं टाकून मी रस्त्यापर्यंत पळालो. पहिला जो ट्रॅक्टर दिसला तो आडवा होऊन थांबवला. त्यावर पाण्याचा ड्रम होता, तेवढं नशीब. भिजवलेली पोती अंगावर टाकून त्यांना दवाखान्यात आणलं. त्यांच्या बायकोला कुणीतरी निरोप दिला, ती मागोमाग पोचली.

डॉक्टरने पहिला प्रश्न मलाच विचारला: दारू घेतली होती का?

तोपर्यंत मला सगळं कळलं होतं. तरी मी म्हणालो, "माहीत नाही."

एवढं एकच वाक्य. तुंबा मी ओतला हे सांगावं लागू नये म्हणून. भाऊंच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. "हे नाई पेत जी. आमच्या घरी पंचशील आहे," ती म्हणाली. "पेज दिली होती म्या तुंबाभर. तेवढी पेली असती तं असं नसतं झालं."

मी खिडकीकडे पाहत राहिलो. डॉक्टरने तोंडाचा वास घेतला, काखेत हात घालून पाहिलं आणि बर्फ मागवला. माझ्या उत्तरावरून डॉक्टरने दारूच धरली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही शेवटपर्यंत करू शकत नाही.

भाऊ वाचले. चौथ्या दिवशी शुद्धीवर नीट आले. मात्र हाताचा कंप गेला नाही, आणि ऊन आता त्यांना मुळीच सोसत नाही. ते दवाखान्यात होते त्याच आठवड्यात माझ्या बीटात आणखी एक आग लागली. तीही मोहाखाली.

तुंबा मी ओतला होता, हे त्यांच्या बायकोला मी सांगितलं ते पुढच्या उन्हाळ्यात, त्यांच्या ओसरीत बसून. ती म्हणाली, तिला त्याच दिवशी समजलं होतं. भाऊंनी सांगितलं का, असं मी विचारलं. ते काही बोलले नव्हते. घरी आणलेल्या तुंब्यात एक शीतही चिकटलेलं नव्हतं, पेज पिणाऱ्याच्या तुंब्यात तळाला शितं राहतात, ओतल्याशिवाय तो असा रिकामा होत नाही, एवढंच ती म्हणाली.

माझी बदली झाली तरी दर उन्हाळ्यात मी एकदा जातो. ती पेज देते, तांब्यातून. मागच्या मे महिन्यातही दिली. मी तांब्या उचलला, आणि ओठाला लावण्याआधी क्षणभर तो नाकाशी थांबला. मी थांबवला नव्हता. तो थांबला.

समोर खाटेवर बसलेल्या भाऊंनी ते पाहिलं.

"पेजच आहे साहेब," ते म्हणाले. "प्या."