बंद जिना चालू झाला

सरकता जिना अचानक चालू झाला आणि माझी पोरगी बसल्या जागी वर जायला लागली! मुलुंडच्या ह्या मॉलमधली बरीच दुकानं उठली तेव्हापासून जिना पण बंदच असायचा, म्हणून मी तिला तिथे खेळवायचे. आमचे हे तिथले इलेक्ट्रिशियन. मॉल विकत घ्यायला पार्टी आली म्हणून ह्यांनीच खालच्या मीटररूममधून बटण दाबलेलं, तिथून पोरगी दिसत नव्हती. मी धावत जाऊन तिला उचललं, तर वर ह्यांचे साहेब आणि पार्टी उभी. साहेब ओरडले,

"कोणाची पोर? स्टाफची असेल तर आजच त्याला घरी बसवतो!"

"नाय ओ, गिऱ्हाईक आहे मी."

तेवढ्यात हे धापा टाकत वर आले. पोरगी हात पसरून रडायला लागली, "पप्पा, पप्पा!" मी तिचं तोंड दाबलं. तुम्ही काय केलं असतं?