आत्या गाडीखाली जाते तेव्हा

माझ्या आत्याने आजवर कुणालाही विकणाऱ्याच्या शब्दावर जुनी गाडी घेऊ दिलेली नाही, आणि कोथरूडात आमच्या ओळखीत तिला न विचारता जुनी गाडी घेणारं घर सापडायचं नाही. एक होतं. ते लोक आता आत्या समोरून येताना दिसली की रस्ता ओलांडतात. गंमत म्हणजे आत्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही. तीस वर्षं ती एका गॅरेजच्या सुट्या भागांच्या काउंटरवर बसली. लोक मोडलेला तुकडा घेऊन यायचे, "असाच द्या" म्हणायचे, आणि आत्या तो तुकडा हातात फिरवून आधी तो कसा मोडला ते त्यांना ऐकवायची, मग नवा द्यायची. त्यामुळे कुठल्या गाडीचं काय आणि का मोडतं हे तिला पाठ झालं. निवृत्तीनंतर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून तिने नातेवाइकांच्या गाड्या तपासायला घेतल्या, आणि नातेवाईक संपल्यावर नातेवाइकांचे शेजारी.

दोन वर्षांपूर्वी माझ्यावर ही वेळ आली. माझ्या बायकोने नोकरी सोडून पानशेतच्या पुढे डोंगराच्या उतारावर रोपवाटिका काढायचं ठरवलं होतं. वर जायला नुसती कच्ची वाट. भाड्याचा टेम्पो पहिल्याच खेपेला एका वळणावर घसरत मागे आला, रोपं दरीत गेली आणि ड्रायव्हरने पुन्हा यायचं नाव घेतलं नाही.  त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "राजीनामा मागे घेता येतो का, विचारून बघते." दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना फोर व्हील ड्राइव्ह पिकअप शोधायला लागलो, आणि तो लोणी काळभोरला सापडला. पांढराशुभ्र, चकाचक, मागच्या फाळक्यावर लाल अक्षरांत चार बाय चार, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह. फोटो बघूनच मी मनातल्या मनात तो घेऊन टाकला होता.

आत्याने मला मालकाला अकराची वेळ द्यायला सांगितलं आणि साडेनऊलाच मला घेऊन ती तिथे हजर झाली. मालक साधारण पन्नाशीचा, फुलशेती करणारा, तोंडभर हसून म्हणाला, "ताई, गाडी एक नंबर हाय."

"असू दे. आधी चासीचा नंबर दाखवा," आत्या म्हणाली, आणि आरसी बुकावरचा आकडा न् आकडा तिने चासीवर कोरलेल्या आकड्यांशी बोटाने ताडून पाहिला. मग बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं. "सकाळी जरा फिरवून आणली," मालक म्हणाला. "हरकत नाही. गार होईपर्यंत बसू आपण," असं म्हणून आत्या ओसरीवरच्या खुर्चीत बसली. गरम इंजिन कसंही सुरू होतं, त्याचा खरा स्वभाव ते गार असताना कळतो, असं तिचं मत आहे. आम्ही दीड तास बसलो. मालकाच्या बायकोने दोनदा चहा दिला. आत्या दोन्ही वेळा तो प्याली आणि दोन्ही वेळा गाडीबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी मात्र अस्वस्थ होऊन उगाच टायरांना लाथा मारत होतो. "त्याने काय कळतं?" तिने विचारलं. काहीच कळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

गाडी सुरू झाली, धूर ठीक निघाला. इंजिनाचं तेल तिने दोन बोटांत चोळून नाकाशी नेलं. घरच्या फ्रिजवरून काढून आणलेला आंब्याच्या आकाराचा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवला. जिथे तो चिकटला नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असणार म्हणून वहीत खूण केली. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, ते वाकून वाचलं, कारण चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला एक टायर वेगळा चालत नाही. मग तिने चटई पसरली, केस रुमालात बांधले आणि पासष्टाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसमध्ये, टॉर्च घेऊन ती पिकअपखाली शिरली. बराच वेळ नुसत्या चपला दिसत होत्या. मग खालून आवाज आला, "ही फोर व्हील ड्राइव्ह आहे असं कोण म्हणतं?"

"मागं लिवलंय की," मालक म्हणाला.

"मागे लिहिलंय खरं. पुढे बसवलेलं नाही."

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी शाफ्ट असतो. त्याची जागा होती, शाफ्ट नव्हता. कुणीतरी काढून टाकला होता. मी संतापलो, उठून निघायच्या तयारीत होतो. पण मालक एकदम खाली बसला आणि चटई नसताना, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यानिशी आत्याच्या शेजारी गाडीखाली शिरला. तिने टॉर्च त्याच्याकडे दिला. थोड्या वेळाने त्याचा पडेल आवाज आला, "मला बी अशीच इकली की हो ताई. मी कधी डोंगरात गेलोच न्हाई. फुलं घ्यायची, हायवेनं मार्केटात जायचं. मला कसं कळावं?"

दोघं बाहेर आले तेव्हा दोघांच्याही पाठी मातीने भरल्या होत्या. आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाकी गाडी चांगली ठेवलीये तुम्ही," ती म्हणाली. माझ्या आठवणीत तिने विकणाऱ्याला काही चांगलं म्हटल्याचा हा एकमेव प्रसंग. मग तिने काउंटरच्या काळातल्या एका मेकॅनिकला फोन लावला, दोन आठवडे त्या मेकॅनिकला आणि मालकाला सळो की पळो करून सोडलं, आणि मापाचा शाफ्ट शोधून बसवून घेतला. परीक्षा मालकाच्याच शेतात झाली. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून बघायचं नाही, भुसभुशीत जमीन हवी, असा तिचा दंडक. पाणी दिलेल्या वावरात मागची चाकं जागच्या जागी फिरत रुतली. मालकाने फोर व्हीलचा लिव्हर ओढला. आत्या पोटरीएवढ्या चिखलात उभी राहून पुढच्या चाकांकडे बघत होती. ती चाकं एकदा थरथरली, त्यांनी मातीत पकड घेतली आणि गाडी शांतपणे बांधाला लागली. "घे," ती मला म्हणाली. मालकाने डोळे पुसले. घाम होता म्हणाला.

पहिल्या खेपेला आत्या पुढे बसली, बायको मागे रोपांना धरून. ज्या वळणावर टेम्पो घसरला होता तिथे मी लिव्हर ओढला. गाडी चढली. वर पोचल्यावर बायको मागून उतरली आणि आत्याच्या गळ्यात पडली. आत्या जरा अवघडली. मग म्हणाली, "तीस वर्षं नुसते मोडलेले तुकडे बघितले गं. गाडी अशी चढताना पहिल्यांदाच बघितली."

यंदा तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. जमिनीवर बसायला बंदी, गाडीखाली जायचं तर सोडाच. तरी लोक येतातच. मागच्या रविवारी धायरीला एका शेजाऱ्यासाठी जुना पिकअप बघायला आम्ही गेलो, आणि चटईवर मी झोपलो. ती बाहेर काठी टेकून उभी राहून विचारत होती, मी सांगत होतो. गळती नाही. चासीला वेल्डिंग नाही. शाफ्ट जागेवर आहे. ती परत विचारेल, उलटतपासणी घेईल म्हणून मी टॉर्च तसाच धरून थांबलो. 

"तू म्हणतोस तर असेल," ती म्हणाली.

मला लगेच बाहेर यावंसं वाटेना. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायला लागलो.